हाडांसाठी ब्लड टेस्ट करताय? कोणती, कधी आणि रिपोर्ट कसा वाचायचा

आधीच सांगून टाकते म्हणजे उगाच पैसे जाणार नाहीत. हाडं किती मजबूत आहेत हे कुठलीच ब्लड टेस्ट सांगत नाही. त्यासाठी डेक्सा स्कॅन असतो, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे, कमरेच्या मणक्याचा आणि खुब्याचा, त्यात टी-स्कोअर येतो, उणे १ आणि वर असेल तर नॉर्मल, उणे १ ते उणे २.५ च्या मधे म्हणजे ऑस्टिओपेनिया (घनता जरा कमी), आणि उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ). मग रक्त कशाला द्यायचं? तर हाडं ठिसूळ होतायत ती *का* होतायत, औषध द्यायला सेफ आहे का, आणि चालू केलेलं औषध काम करतंय का, या तीन प्रश्नांसाठी. बास. हे तीन प्रश्न डोक्यात ठेवलेत तर अर्ध्या टेस्ट तुम्ही स्वतःच पॅकेजमधून कटाप कराल.

मी लॅबमध्ये सॅम्पल घेते, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी घ्या हे मी सांगणार नाही. पण रिपोर्ट हातात घेऊन काउंटरवर उभे राहणारे लोक रोज बघते, आणि तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून खूश होऊ नका

सगळ्यात जास्त फसवणारी टेस्ट हीच. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, रक्तात अगदी थोडंसं, पण त्या थोड्याशा कॅल्शियमवर हृदय, स्नायू, नसा सगळं चालतं म्हणून शरीर ते साधारण ८.५ ते १०.५ एमजीच्या पट्ट्यात धरून ठेवतं. जेवणातून कमी आलं की मानेतल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच हार्मोन सोडतात आणि ते हाडातून कॅल्शियम काढून रक्तात आणतं. म्हणजे घरखर्च व्यवस्थित चाललाय पण एफडी मोडून चाललाय, आणि पासबुकात बॅलन्स मात्र छान दिसतोय. त्यामुळे ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बाईचं कॅल्शियम ९.४ येणं हे अगदी नेहमीचं आहे, त्यात नवल काही नाही.

उलट कॅल्शियम *जास्त* आलं, म्हणजे ११ वगैरे, तर ते लोक सोडून देतात, "चला, भरपूर आहे"! असं नसतं हो. जास्त आलं तर ते कमी आल्यापेक्षा जास्त लक्ष द्यायचं, कारण खाली लिहिलंय.

आणि कॅल्शियमबरोबर अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) बघायचंच. रक्तातलं जवळपास निम्मं कॅल्शियम प्रोटीनला चिकटून फिरतं, अल्ब्युमिन कमी असेल (म्हातारी माणसं, लिव्हरचे पेशंट, खूप आजारी माणूस) तर कॅल्शियम खोटं खोटं कमी दिसतं. हिशोब सोपा आहे, ४ मधून तुमचं अल्ब्युमिन वजा करा, त्याला ०.८ ने गुणा, आणि आलेला आकडा कॅल्शियममध्ये मिळवा. उदाहरणार्थ कॅल्शियम ८ आणि अल्ब्युमिन ३, तर ०.८ मिळवून ८.८, म्हणजे ठीक आहे. अगदी शंका असली तर डॉक्टर आयोनाइज्ड कॅल्शियम (प्रोटीनला न चिकटलेलं, मोकळं) लिहून देतात, ते वेगळं सॅम्पल असतं आणि लगेच टेस्टला लावावं लागतं, म्हणून ते शक्यतो घरून न देता लॅबमध्ये जाऊन द्या.

पहिल्या फेरीत काय काय करायचं

डेक्सा खराब आला, किंवा साधं घसरून मनगट, मणका, खुबा मोडला, किंवा तीन महिने किंवा जास्त प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू आहे, किंवा पाळी फार लवकर गेली, अशा कुणासाठी साधारण हे लागतं: कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज म्हणजे एएलपी, क्रिएटिनिन, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, पीटीएच, टीएसएच (थायरॉइडची), आणि एक सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ईएसआरसकट (शरीरात सूज आहे का ते दाखवणारी). यातल्या बऱ्याचशा स्वस्त आहेत, खिशाला लागतात त्या डी आणि पीटीएच. पैसे बेताचे असतील तर डॉक्टरांना सरळ विचारा की पीटीएच आत्ता लागेल का नंतर, ते सांगतात, लाजायचं काय त्यात.

दुसरी फेरी डॉक्टरांनी सांगितली तरच. साठी ओलांडलेला माणूस, मणका दबलाय, हिमोग्लोबिन कमी, ईएसआर खूप वर, तर सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करतात, त्यात मल्टिपल मायलोमा नावाचा कॅन्सर पकडला जातो जो नुसती "कंबरदुखी" म्हणून महिनोन् महिने फिरत राहतो. वजन वाढत नाही, पोट सारखं बिघडतं, लोह आणि डी कितीही द्या वर येत नाही, तर टीटीजी, गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात ना लोक त्या सिलिअ‍ॅकची. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन. पुरुषांची हाडं कुणी बघतच नाही हा वेगळाच विषय आहे, पण पुरुषाला ऑस्टिओपोरोसिस झाला तर मागे काहीतरी कारण सापडायची शक्यता बरीच असते, त्यामुळे त्यांच्यात तर टेस्ट आणखी नीट करायच्या.

काय नको? आरए फॅक्टर आणि युरिक अ‍ॅसिड. ते सांध्यांसाठी आहेत. गुडघे दुखतात म्हणून "हाडांच्या टेस्ट करा" म्हणत येणारे खूप, पण गुडघ्याची झीज ही वेगळी आणि हाड ठिसूळ होणं वेगळं, हाड मोडेपर्यंत ऑस्टिओपोरोसिस दुखत नाही. १,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी पण नको, नाव भारी आहे म्हणून काही लोक तीच मागतात, पण डी कमी असतानाही ती नॉर्मल किंवा चक्क जास्त येऊ शकते, ती किडनीच्या आणि काही खास आजारांसाठी. आणि ते सोसायटीत, मंदिरात फुकट कॅम्प असतात ना टाचेवर मशीन लावून बीएमडी (हाडांची घनता) काढायचे, तो आकडा डेक्साच्या बरोबरीचा धरू नका. त्यात खराब आला तर डेक्सा करून घ्या इतकाच त्याचा उपयोग, त्या कागदावर वर्षभराचं औषध चालू करायचं नाही.

सॅम्पल द्यायच्या आधी

इथेच सगळे घोळ होतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. सकाळी उपाशीपोटी द्या, ८ ते १० मधे बेस्ट. साध्या कॅल्शियमला उपास कंपल्सरी नाही, पण फॉस्फरस जेवणाने हलतो आणि सीटीएक्स तर खूपच हलतो (ते पुढे येतंय), म्हणून सगळं एकाच वेळी उपाशी दिलेलं बरं. पाणी मात्र भरपूर प्या, पाणी न पिता आलात तर रक्त घट्ट होतं, अल्ब्युमिन आणि कॅल्शियम दोन्ही थोडे वर दिसतात आणि शिवाय शीर सापडत नाही ती कटकट वेगळीच.

त्या दिवशी सकाळची कॅल्शियमची गोळी सॅम्पल दिल्यावर घ्या. बीपी, थायरॉइडच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून ठेवा, स्वतःच्या मनाने बंद नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बायोटिन. केस गळतात म्हणून जी गोळी किंवा गमी घेता त्यात बायोटिन असतं आणि ते बऱ्याच मशीनना गोंधळात टाकतं, कारण त्या टेस्टच बायोटिनच्या केमिस्ट्रीवर बेतलेल्या असतात. होतं काय, की पीटीएच आणि टीएसएच खोटे कमी येऊ शकतात आणि डी खोटं जास्त येऊ शकतं, म्हणजे आहे त्याच्या बरोबर उलटं चित्र. निदान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर अजून आधीपासून, आणि लॅबमध्ये सांगा. हे कुणी विचारत नाही, फॉर्मवर पण रकाना नसतो, तुम्हीच सांगायचं.

रक्त काढताना पट्टा बराच वेळ आवळून ठेवला आणि तुम्ही मूठ सारखी उघड-बंद केली की कॅल्शियम थोडं वर येतं. घरी येणारा मुलगा शीर शोधत बसला असेल तर त्याला म्हणा पट्टा सोड, एक मिनिट थांब, मग परत बांध. रागावणार नाही तो. आणि घरून घेतलेलं सॅम्पल दुपारपर्यंत बाइकच्या डिकीत फिरत असेल तर फॉस्फरस वर जातो, म्हणून फॉस्फरस, पीटीएच, सीटीएक्स असल्या टेस्ट असतील तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या किंवा सरळ लॅबमध्ये जा.

आकडे एकेकटे वाचू नका

रिपोर्टमध्ये ठळक अक्षरात एक आकडा दिसला की लोक तोच गूगल करतात. हाडांच्या बाबतीत हे चालत नाही, चार-पाच आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायचे. मला रोज दिसणारी चित्रं सांगते.

डी कमी, कॅल्शियम नॉर्मल, पीटीएच थोडं जास्त. हे सगळ्यात कॉमन. म्हणजे डी नाही म्हणून आतड्यातून कॅल्शियम शोषलं जात नाहीये आणि ग्रंथी हाडातून ओढून भरपाई करतायत. डी भरून निघालं की पीटीएच बहुतेक वेळा खाली येतं.

डी खूपच कमी, एएलपी वाढलेला, फॉस्फरस कमी, कॅल्शियम कमी किंवा काठावर, पीटीएच चांगलंच वर. हा ऑस्टिओमलेशिया असू शकतो, म्हणजे हाड ठिसूळ नाही तर मऊ पडतं. यात माणूस सांगतो की जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, जिना चढताना मांड्यांत जीव नाही, बरगड्या दाबल्या की दुखतात. असं असेल तर आधी हे दुरुस्त करतात, यावर आधीच ऑस्टिओपोरोसिसचं इंजेक्शन दिलं तर कॅल्शियम धाडकन खाली जाऊ शकतं.

कॅल्शियम जास्त आणि पीटीएच पण जास्त. इथे थांबायचं. कॅल्शियम वर असेल तर पीटीएच खाली जायला हवं, ते जात नाहीये म्हणजे ग्रंथी मनमानी करतेय, प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम. पीटीएच "नॉर्मल" रेंजमध्ये असलं तरी कॅल्शियम ११ असताना ते नॉर्मल धरत नाहीत, हे लक्षात घ्या कारण रिपोर्टवर ते ठळक होऊन येत नाही आणि सुटून जातं. बहुतेक वेळा चारपैकी एकाच ग्रंथीत साधी गाठ असते आणि ऑपरेशनने बरं होतं. मुतखडे वारंवार होतायत आणि हाडं पण कमजोर, असा माणूस घरात असेल तर हे दोन आकडे नक्की बघा. अशा माणसाने स्वतःच्या मनाने कॅल्शियम-डीच्या गोळ्या तर अजिबात ढोसायच्या नाहीत.

कॅल्शियम जास्त, पीटीएच अगदी कमी. ग्रंथी तिचं काम नीट करतेय, कॅल्शियम दुसरीकडून येतंय, डीचा ओव्हरडोस झालाय का किंवा दुसरा काही मोठा आजार आहे का हे डॉक्टर शोधतात. लवकर दाखवायचं, पुढच्या महिन्यात बघू असं नाही.

बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर कॅल्शियम थोडं वर येऊ शकतं. टेल्मिसार्टनच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत ते पुष्कळदा असतं, गोळीचं पाकीट बघा.

आता एएलपी. हा हाडातून पण येतो आणि लिव्हरमधून पण. जास्त आला की घरात "लिव्हर खराब झालं" म्हणून रडारड सुरू. सोबत जीजीटी (लिव्हरची टेस्ट) बघा, जीजीटी नॉर्मल आणि एएलपी जास्त असेल तर हाडाकडून आला असण्याची शक्यता जास्त. वाढत्या मुलांमध्ये एएलपी मोठ्या माणसांच्या दुप्पट-तिप्पट असतो, ते हाडं वाढतायत म्हणून, गरोदरपणात बाळाच्या वारेमुळे वाढतो, आणि फ्रॅक्चर भरून येताना पण काही आठवडे वर राहतो. शाळकरी पोराचा रिपोर्ट मोठ्यांच्या रेंजशी ताडून घाबरलेल्या आया मी खूप बघितल्यात. उलट एएलपी सारखा सारखा खूपच *कमी* येत असेल तरी सांगा डॉक्टरांना, क्वचित तो हायपोफॉस्फटेशिया नावाचा जन्मजात आजार असतो आणि त्यात ऑस्टिओपोरोसिसच्या नेहमीच्या गोळ्या योग्य नसतात.

क्रिएटिनिन का, असं विचारतात. किडनी डीचं शेवटचं रूप तयार करते आणि फॉस्फरस बाहेर टाकते, त्यामुळे किडनी बिघडली की हाडांचं सगळं गणितच वेगळं होतं. आणि झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड (ऑस्टिओपोरोसिसचं इंजेक्शन) द्यायचं की नाही ते त्यावरच ठरतं, क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी किती गाळते त्याचा हिशोब, रिपोर्टवरचं क्रिएटिनिन नव्हे) ३५ च्या खाली असेल तर ते देत नाहीत.

व्हिटॅमिन डी बद्दल थोडं स्पष्ट

रिपोर्टवर बहुतेक २० च्या खाली कमी, २० ते ३० अपुरं आणि ३० च्या वर पुरेसं असं छापलेलं असतं, नॅनोग्रॅम पर एमएलमध्ये. परदेशात बऱ्याच ठिकाणी नॅनोमोलमध्ये देतात, त्याला २.५ ने भागायचं, म्हणजे लंडनच्या मावशीचं ५५ आणि तुमचं २२ हे एकच झालं, ती फार पुढे आहे असं काही नाही. या ३० च्या आकड्यावरून जगभरातल्या डॉक्टरांचे वाद आहेत, अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनेच २०११ मध्ये ३० चा आग्रह धरला होता आणि २०२४ च्या गाइडलाइनमध्ये तो सोडला, शिवाय ठणठणीत माणसांनी उगाच डी तपासत बसू नका असंही सांगितलं. त्यामुळे २६ आलं म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण हाडं मोडलीत, डेक्सा खराब आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत (फेनिटॉइन, कार्बामॅझेपीन डी कमी करतात), लठ्ठपणाचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी ही टेस्ट फुकट जात नाही.

ती ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल *आठवड्यातून एकदा* असते. रोज नाही! चिठ्ठीवर नीट वाचा, केमिस्टला विचारा, आणि घरातल्या आजी-आजोबांना वार ठरवून द्या, "दर रविवारी" असं. साधारण आठ आठवड्यांचा कोर्स असतो, तो संपल्यावर पुढे किती ते डॉक्टर ठरवतात, तीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहायचं नसतं. डी चरबीत विरघळतं त्यामुळे रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा जेवणानंतर किंवा दुधाबरोबर. आणि परत टेस्ट तीन महिन्यांनी. डी रक्तात हळूहळू स्थिरावतं, पंधरा दिवसांत पुन्हा तपासलं तर आकड्याला अर्थ नाही, नुसते पैसे जातात. १०० च्या वर गेलं तर पुडी थांबवून डॉक्टरांना दाखवा, १५० च्या पुढे विषबाधेची भीती असते, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि लघवी, गोंधळल्यासारखं वागणं.

औषध चालू झाल्यावर: सीटीएक्स आणि पी१एनपी

ही दोन नावं आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहेत आणि खरा मॉनिटरिंगचा उपयोग यांचाच. हाड काही दगड नाही, रोज थोडं तोडलं जातं आणि थोडं बांधलं जातं. तोडफोडीचे तुकडे रक्तात येतात ते सीटीएक्स, आणि नवीन बांधकामाची खूण म्हणजे पी१एनपी. डेक्सामध्ये फरक दिसायला वर्ष-दोन वर्षं जातात, तोपर्यंत औषध लागू पडतंय का कसं कळणार? सीटीएक्स ते साधारण तीन महिन्यांत सांगतं.

पण अट अशी की औषध चालू करायच्या *आधी* एकदा करून ठेवायचं. आधीचा आकडाच नसेल तर नंतरचा कशाशी ताडणार. मग तीन महिन्यांनी (कुणी सहा म्हणतात) परत, त्याच लॅबमध्ये, सकाळी उपाशीपोटी, शक्यतो त्याच वेळेला. सीटीएक्स पहाटे जास्त असतं आणि दुपारी, खाल्ल्यावर पडतं, त्यामुळे पहिलं सकाळी उपाशी आणि दुसरं नाश्ता करून दुपारी दिलंत तर औषध न घेताही "सुधारणा" दिसेल. पी१एनपी ला जेवणाचा त्रास नाही, पण ते सगळीकडे होत नाही आणि महाग पडतं.

अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा झोलेड्रॉनिकचं वर्षाचं इंजेक्शन चालू असेल तर सीटीएक्स खाली यायला पाहिजे, आणि चांगलं २५-३० टक्के तरी, त्यापेक्षा कमी फरक हा रोजच्या चढउताराचा पण असू शकतो. टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन असेल तर गणित उलटं, ते हाड बांधणारं औषध, त्यात पी१एनपी *वाढायला* हवं, वाढलेला आकडा बघून घाबरून बंद करू नका. आणि फ्रॅक्चर नुकतंच झालं असेल तर दोन्ही आकडे कित्येक महिने वरच असतात, किडनी खराब असेल तरी सीटीएक्स वर येतं, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

सीटीएक्स खाली आलं नाही तर? औषध बदला म्हणून धावण्याआधी गोळी कशी घेताय ते बघा. अ‍ॅलेंड्रोनेट उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही. चहाबरोबर घेतली, किंवा तिच्यासोबतच कॅल्शियमची गोळी टाकली की ती शोषलीच जात नाही. आपल्याकडे सकाळचा चहा अर्धा तास पुढे ढकलणं म्हणजे काय असतं ते मला माहितीय, पण आठवड्यातला एकच दिवस आहे. काहीजण महिन्यात दोनदा विसरलेले असतात आणि ते डॉक्टरांना सांगत नाहीत, सीटीएक्स मात्र चुगली करतं.

झोलेड्रॉनिक किंवा डेनोसुमॅबच्या प्रत्येक इंजेक्शनआधी कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि डी बघून घेतलंय ना हे विचारा, विशेषतः किडनी कमजोर असलेल्यांनी. इंजेक्शननंतर पुढच्या एक-दोन आठवड्यांत तोंडाभोवती, बोटांत मुंग्या येणं, पायात गोळे येणं असं झालं तर त्याच दिवशी कॅल्शियम करा आणि डॉक्टरांना फोन करा. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी असतं आणि ते "आता बरं वाटतंय, रिपोर्ट पण छान आहेत" म्हणून चुकवायचं नाही, ते थांबवलं की सीटीएक्स उसळी मारून आधीपेक्षाही वर जातं आणि एकामागून एक मणके दबल्याच्या केसेस झाल्यात. बंद करायचंच असेल तर दुसरं औषध लावून बंद करतात, त्याचा प्लॅन आधी डॉक्टरांकडून घ्या. तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, शिवाय घरातल्या अजून एका माणसाच्या पण.

किती वेळा करायचं सगळं? डी भरून निघालं, कॅल्शियम-किडनी ठीक, औषध लागू पडतंय, असं असेल तर वर्षातून एकदा पुरतं बहुतेकांना, डेक्सा दोन वर्षांनी. दर तीन महिन्यांनी "बोन प्रोफाइल" चा मेसेज येतो तो लॅबच्या मार्केटिंगवाल्यांचा असतो, तुमच्या डॉक्टरांचा नाही (हे मी लॅबमध्ये बसून लिहितेय हं).

डॉक्टरांकडे जाताना नुसता शेवटचा रिपोर्ट नको, जुने सगळे न्या, आणि एका कागदावर तारीख, लॅब, कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, एएलपी, डी, पीटीएच, क्रिएटिनिन, सीटीएक्स असे रकाने पाडून आकडे लिहा. युनिट आणि रेंज पण लिहायची, कारण एएलपी आणि पीटीएच ची रेंज लॅबप्रमाणे बदलते. शेजारी चालू गोळ्यांची नावं, त्यात आयुर्वेदिक, केसांची, जिमची, अ‍ॅसिडिटीची सगळी, कारण पँटोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही आणि डॉक्टर सायट्रेटवाली गोळी देतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो पाठवणार असाल तर दुसरं पान विसरू नका, अल्ब्युमिन नेमकं तिथेच असतं.